सीटखालची लाल शेपटी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे 'सावकाश' म्हणायचे, आणि त्याला कारणही तसंच होतं. कोणी शिडीवर पाय ठेवला की हा खालून ओरडणार, "सावकाश!" कोणी स्क्रू पिळायला घेतला की, "सावकाश." जोडीदार थर्मासमधून चहा ओतायला लागला तरी, "अरे, सावकाश." शेवटी जोडीदारानेच वैतागून त्याचं ते नाव पाडलं, आणि ते असं चिकटलं की घरच्यांखेरीज कोणाला खरं नाव आठवेना.

भित्रा होता तो. झाकण्यासारखं त्यात काही नाही, तो स्वतःही झाकत नसे. पण त्याची भीती कामाची होती. लिफ्टचं दार उघडं असेल तर लिफ्ट हलत नाही, कारण दारापाशी एक स्विच असतो. दुरुस्तीच्या वेळी मात्र दार उघडं ठेवूनच लिफ्ट हलवून बघावी लागते. मग त्या स्विचच्या दोन टोकांना वायरचा एक तुकडा लावायचा आणि त्याला फसवायचं, की बाबा रे, दार बंद आहे. या तुकड्याला जंपर म्हणतात. काम संपल्यावर जंपर काढायचा राहिला तर लिफ्ट उघड्या दारानिशी निघते, आणि कोणाचा एक पाय आत, एक बाहेर असेल तर पुढचं बोलायलाच नको. म्हणून सावकाशने आपल्या जंपरला लाल कापडाची लांबलचक शेपटी शिवून घेतली होती. हत्यारांच्या पिशवीत त्याला वेगळा खिसा होता, आणि काम संपलं की त्या खिशावर हात मारल्याशिवाय हा माणूस जिना उतरत नसे. जोडीदार हसायचा. "तान्ह्या पोराला थोपटावं तसं थोपटतोय," म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरच्या खोलीत, जोडीदाराने हात पुढे केला. "जंपर दे."

सावकाशने खिशात बोटं घातली. खिसा रिकामा होता.

त्याने पिशवी पालथी केली. पक्कड, टेस्टर, टेपची गुंडाळी, पाने, सगळं खडखडत फरशीवर पडलं. लाल काही नव्हतं. आणि मग त्याला आठवलं. आठवलं म्हणजे डोळ्यांसमोर दिसलंच. सीट वर उचललेली, खाली दोन पिना, त्या दोन पिनांमध्ये त्याचा जंपर. आणि त्यावर धाडकन सीट आपटणारे त्याचेच हात.

"काय झालं रे? पांढराफटक पडलास," जोडीदार म्हणाला.

"चिमी," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

चिमी म्हणजे त्याची धाकटी बहीण. पाणीपुरवठ्याच्या आवारात गवत राखायचं काम तिच्याकडे होतं. तिथे जमिनीखाली पाण्याच्या मोठमोठ्या टाक्या, वर मातीचा थर, त्यावर गवत, आणि चारी बाजूंनी खाली उतरत गेलेले उतार. गवत कापायला बसून चालवायचं बॅटरीवरचं यंत्र होतं. पुढे छोटी चाकं, मागे मोठी, मध्ये सीट, आणि सीटच्या खाली पोटाशी ते गरगरणारं पातं. चिमी वर्षानुवर्षं ते चालवत आली होती. मग जिन्यात पाय घसरला आणि उजवा गुडघा कामातून गेला. ऑपरेशन झालं, काठी टेकत चालता येऊ लागलं, पण पेडल दाबायचं बळ काही त्या पायात परत आलं नाही. आणि यंत्राचं पेडल नेमकं उजव्या पायाला. साहेबांनी गोडीतच सांगितलं, की यंत्र चालवता येणार असेल तर या, नाहीतर आम्ही दुसरं कोणीतरी बघतो.

चिमीने ते यंत्र टेम्पोत घातलं आणि थेट भावाच्या दारात आणून उभं केलं. "दादा, मला हे हाताने चालवता येईल असं करून दे."

"मला लिफ्टमधलं कळतं गं. हे गवताचं..."

"मोटर आहे, बॅटरी आहे, वायरी आहेत. लिफ्टच आहे ती, आडवी चालते एवढंच."

याला नाही म्हणणं सावकाशला जमलं नाही. पण जे केलं ते जीव ओतून केलं. अंगठी काढून ठेवली, पान्यांच्या दांड्यांना टेप गुंडाळली, कारण बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून पाना आडवा पडला तर तो लालबुंद होऊन वितळतो, हे त्याने पाहिलेलं होतं. बॅटरीला अगदी लागून फ्यूज बसवला, म्हणजे पुढे वायर कुठेही घासली तरी आधी फ्यूज उडेल, आग लागणार नाही. पेडल काढून हाताचा दांडा बसवला. सोडला की आपोआप मधे येणारा आणि यंत्र जागच्या जागी थांबवणारा. ब्रेक लिफ्टसारखा: करंट आहे तोवर उघडा, करंट गेला की घट्ट. मागच्या बाजूला जाडजूड प्लग, त्याला दोरीची कडी, म्हणजे काही बिनसलं तर बाहेरच्या माणसालाही ओढून सगळं बंद करता यावं.

आणि सीटखालचा स्विच. त्यावर तर त्याने सगळ्यात जास्त वेळ घालवला. कारण चिमीला उतरायचं म्हणजे दोन्ही हात लागणार. एक सीटला, एक काठीला. आणि उतरताना तो दुबळा पाय पात्याच्या अगदी शेजारी येणार.

"तू उठलीस की सगळं बंद," त्याने तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. "पातं, चाकं, सगळं. दांडा नाही, चावी नाही, कशालाही हात लावायचा नाही. नुसतं उठायचं. बिनधास्त उठायचं."

"बरं बाबा, बिनधास्त उठेन," ती म्हणाली होती.

एकदा उठवून दाखवलंही होतं. मग आदल्या संध्याकाळी, चाक जरा घासतंय असं वाटलं म्हणून, त्याने यंत्र पुन्हा ठोकळ्यांवर चढवलं. रिकाम्या सीटने मोटर चालेना, म्हणून जंपर लावला, ब्रेक थोडा सैल केला. पुन्हा घट्ट केला. पुन्हा सैल केला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, चिमी दारात काठीवर रेलून उभी.

"काय रे भागूबाई! तुझं होईपर्यंत गवतात माणूस हरवायला लागेल. इतकी कसली भीती? बसायचंय मला, तू कशाला घाबरतोस?"

टेम्पोवाला हसला, आणि तेच झोंबलं. घरच्या माणसाने चिडवलं तर चालतं, पण परक्यासमोर? सावकाशचं डोकं सणकलं. "घे बाई! ने तुझं यंत्र!" म्हणून त्याने सीट धाडकन खाली आपटली, हत्यारं पिशवीत कोंबली आणि घरात निघून गेला. जन्मात पहिल्यांदा त्याने घाई केली होती, आणि खिशावर हात मारायचा राहिला.

आता गच्चीवर उभा राहून तो फोन लावत होता. रिंग वाजत राहिली. वाजणारच. "यंत्रावर फोन न्यायचा नाही, कपाटात ठेवायचा," ही ताकीद कोणाची? याचीच. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. त्याला दिसत होतं, कपाटात तिच्या पिशवीत फोन उजळतोय, विझतोय, आणि बाहेर ती बिनधास्त उठतेय.

"मी जातो," त्याने जोडीदाराला सांगितलं. "लिफ्टला हात लावू नकोस. दार बंद कर, पाटी लाव."

"अरे, सावकाश!" जोडीदार ओरडला. पण हा पायऱ्या गाळत खाली पोचलासुद्धा.

उडी मारूनच तो स्कूटरवर बसला. एरवी पिवळा दिवा दिसला की थांबणारा हा माणूस, त्या दिवशी लाल दिव्यातून सुसाट गेला. मागून शिव्या आल्या. एका वळणावर रुग्णवाहिका समोरून आली, आणि तिच्यात कोण आहे ते बघायला त्याने चालत्या स्कूटरवरून मान वळवली. तो स्वतःशीच बडबडत होता. "उठू नकोस. चिमे, उठू नकोस. अगं, आज तेवढी उठू नकोस."

आवाराच्या फाटकाशी रखवालदार खुर्चीत पाय पसरून बसला होता.

"माझी बहीण..." सावकाशला पुढे बोलवेना.

"आहे की वर. राणीसारखी बसलीय सकाळपासून." रखवालदार दात काढत म्हणाला. "मघाशी चहाला हाक मारली तर तिथूनच हाताने नको म्हणाली. नवं यंत्र मिळालं, आता आम्ही कोण!"

म्हणजे अजून काही झालेलं नव्हतं. सावकाशला रडूच फुटायचं बाकी होतं. स्कूटर तशीच आडवी टाकून तो आत धावला. पंपाच्या खोलीपाशी पोचला आणि कोपऱ्यावरून त्याला ती दिसली. दूरवर, टाकीच्या उतारावर, पाठमोरी. यंत्राचा फारसा आवाज नव्हता, फक्त पात्याची एकसुरी घरघर. त्याने हाक मारायला तोंड उघडलं.

आणि तसंच मिटलं.

कारण हाक ऐकून ती काय करणार? वळून बघणार. दादा आलाय, कामाच्या वेळेला, धापा टाकत. म्हणजे घरी काहीतरी बरंवाईट झालं. आणि मग? उठणार! नुसतं उठायचं, बिनधास्त उठायचं, हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं होतं? त्याच्या एका हाकेने ती त्या पात्याशेजारी उतरली असती.

सावकाश पंपाच्या खोलीच्या भिंतीआड झाला. स्वतःच्या बहिणीपासून लपून बसला, चोरासारखा. भिंतीला पाठ लावली तेव्हा शर्ट घामाने चिंब आहे हे त्याला कळलं. ओरडता येत नाही, हात हलवता येत नाही, दिसायचंही नाही. अरे, मग करायचं तरी काय? एकच होतं. मागून जायचं आणि दोरीची कडी ओढायची.

त्याने डोकावून बघितलं. रात्री वारं सुटलं होतं बहुतेक, गवतावर ठिकठिकाणी झाडांच्या फांद्या मोडून पडल्या होत्या. फांदी दिसली की उतरायचं, उचलून बाजूला टाकायची, हा चिमीचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. समोर एक फांदी होती आणि यंत्र सरळ तिच्याकडे निघालं होतं.

त्याने डोळे मिटले. घरघर चालूच राहिली. उघडले तर चिमी फांदीला वळसा घालून पुढे गेली होती. फांदीभोवती गवताचा एक झुपका तसाच उभा. मग त्याला दिसलं, की असे झुपके सगळीकडे होते. प्रत्येक फांदीभोवती एकेक बेट सोडलेलं. एरवी एक काडी उंच राहिली तर मागे फिरणारी बाई, आज हे काय कापणं! पण तो विचार करायची ही वेळ नव्हती. यंत्र उताराच्या वरच्या अंगाला वळलं, तिची पाठ पूर्ण त्याच्याकडे झाली, आणि तो वाकून धावत सुटला.

वाकून धावायचं वय राहिलं नव्हतं. छाती फुटायला आली. आणि तेवढ्यात यंत्र थांबलं. वर हवा जाण्याचा जाड पाइप होता, दुसऱ्या बाजूला उताराची कड, आणि मधे भलीमोठी फांदी आडवी पडलेली. वळसा घालायला जागाच नव्हती. चिमीने दांडा सोडला. चाकं थांबली. पातं मात्र फिरतच होतं, घर्रर्र.

तिने डावा हात सीटच्या कडेला टेकला. उजव्याने काठी घेतली. अंग पुढे झुकलं.

सावकाशला पुढचं नीट आठवत नाही. त्याला फक्त सीटखालून बाहेर आलेली लाल शेपटी दिसली, वाऱ्यावर मजेत फडफडणारी. तो उतारावर हातापायांनी चढला, दोरीच्या कडीत बोटं अडकवली आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढली.

खट्. ब्रेक आवळला. घरघर खाली खाली येत गेली, पातं आणखी थोडं फिरलं, आणि मग सगळं शांत झालं.

चिमी किंचाळली. वळली, तर मागे गवतात भाऊ आडवा पडलेला, हातात प्लग, तोंड उघडं, श्वास पुरत नाहीये.

"दादा? अरे, काय झालं? आई बरी आहे ना?"

त्याने मान हलवली. बोट दाखवलं. तिने वाकून सीटखालून लोंबणारं ते लाल कापड बघितलं. भावाचा जंपर तिच्या ओळखीचा होता, त्याची चेष्टा तिनेही कमी केली नव्हती. ती बघत राहिली. मग काय ते तिच्या लक्षात आलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"म्हणजे मी उठले असते तर..."

"बंद झालं नसतं," सावकाश म्हणाला. "मी काढायला विसरलो. चिमे, मी विसरलो गं." आणि तो मोठा बाप्या माणूस गवतात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागला.

तिने काठीनेच त्याच्या पाठीत एक रट्टा दिला. जोरात. "मारलं असतंस मला! पाय गेला असता माझा, आहे तोही!" दुसरा द्यायला काठी उचलली, पण हात वरच राहिला. मग तिने काठी खाली ठेवली.

"तू उतरलीस कशी नाहीस?" शेवटी त्याने विचारलं. नाक पुसत उठून बसला. "इतक्या फांद्या पडल्यात. सकाळपासून एकदाही?"

चिमी दुसरीकडे बघायला लागली. "नाही."

"चहालाही नाही गेलीस."

"नाही गेले." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "भीती वाटत होती रे."

"तुला?"

"मग काय तुझाच मक्ता आहे का भीतीचा?" ती फिस्कारली, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. "तू सांगितलंस उठायचं. एकदा उठून दाखवलंही तुझ्यासमोर. पण इथे एकटी बसले, खाली ते पातं फिरायला लागलं, आणि माझी कंबरच सीटवरून उचलेना. म्हटलं, नाही थांबलं तर? हा पाय मला वेळेवर मागे घेता येतो का? नाही येत."

"अगं, मग चावीने बंद करून उतरायचं!"

"बंद केलं असतं तर परत चालू करायची हिंमत कुठून आणली असती? साहेब तिकडून बघतायत. म्हटलं, जोवर चालू आहे तोवर चालू. सकाळपासून मी पाण्याचा घोट घेतला नाही, उतरावं लागेल म्हणून. आता इथे मात्र अडकले. म्हटलं, आता उठायलाच हवं. काठी हातात घेतली, तर हात असा कापायला लागला." तिने हात पुढे करून दाखवला. तो अजून कापत होता. "आणि तुला भागूबाई म्हणत होते मी."

सावकाशने तो हात धरला. त्याचाही कापत होता, त्यामुळे कोणाचा किती ते कळलं नाही.

मग तो उठला. चावी बंद करून आपल्या खिशात टाकली, बहिणीला खांद्याचा आधार देऊन खाली उतरवलं, सीट उचलली आणि जंपर काढला. पिशवी गच्चीवरच राहिली होती, म्हणून तो त्याने शर्टच्या खिशात ठेवला. खिशावर हात मारला. पुन्हा मारला.

"हे माझ्या हातचं नको आता," तो म्हणाला. "मी दुसऱ्या कोणाला तरी आणतो. चांगला माणूस बघतो. तो सगळं पहिल्यापासून तपासेल."

"काही नको."

"चिमे, आज माझ्या हातून..."

"ऐकलं मी. मारलंही त्याबद्दल. पण हातातलं काम टाकून, ऊर फुटेस्तोवर उतार चढून दुसरा कोण येणार होता? तुझ्याइतका घाबरणारा माणूस मला कुठे मिळायचा?" तिने डोळे पुसले. "प्लग लाव. मला उठून बघायचंय."

"आधी मी बसतो. मी बघतो."

"तुझं वजन तुझं, माझं माझं. उतरायचं मला आहे. लाव."

आधी त्याने ती फांदी ओढून बाजूला केली, प्लग लावला, तिला पुन्हा सीटवर बसवून चावी दिली आणि यंत्र उतारावरून वर, सपाटीवर आणवलं. मग तिचा दुबळा पाय नीट आत, पाय ठेवायच्या फळीवर आहे ना, ते वाकून बघितलं. मग पुन्हा बघितलं. प्लगच्या दोरीत बोटं अडकवून तो मागे उभा राहिला. चिमीने चावी फिरवली. पातं घरघरलं. ती सीटवर बसून राहिली, पाठ ताठ, आणि सावकाशला तिच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती.

"सावकाश," तो म्हणाला.

ती उठली. अगदी बोटभर.

खट्.

पातं थांबलं. ती खाली बसली, पुन्हा चालू केलं, पुन्हा उठली. खट्. तिसऱ्या खेपेला ती पूर्ण उभी राहिली, आणि तिच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच बाहेर आला.

"जा आता," ती म्हणाली. "तुझी लिफ्ट तिकडे लटकलीय. आणि जाता जाता त्या रखवालदाराला सांग, मी चहाला येतेय."

सावकाश उतारावरून खाली निघाला. खिशावर हात मारत मारत. फाटकापाशी स्कूटर उभी केली, किल्ली लावली, पण चालू केली नाही. नुसता उभा राहून ऐकत राहिला. मागे घरघर सुरू झाली, जरा वेळ चालली आणि थांबली. त्याचा जीव वर आला. मग गवतात फांदी फेकल्याचा आवाज आला, आणि घरघर पुन्हा सुरू झाली. चिमी मागे फिरली होती. सोडलेल्या एकेका झुपक्यापाशी उतरत होती.